काढणीच्या दिवसांत कोकणातल्या बागेत जाताना: फोनपासून रिकाम्या क्रेटपर्यंत

मे महिन्यात मामाकडे आंब्याला जाऊन आलेल्यांची तक्रार ठरलेली असते: “पेटी दिली हो त्याने, पण निम्मे आंबे सडले.” तिकडे मामीचं गाऱ्हाणं वेगळंच. “आले, बागभर हिंडले, वरचे चांगले आंबे हिसडून पाडले आणि टेम्पो यायच्या वेळेला चहा मागत बसले.” दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच. काढणीचा क्रम पाहुण्यांना कुणी सांगत नाही आणि घरच्यांना तो सांगायला त्या दिवसांत सवड नसते.

मी आजोळच्या बागेत गेली कित्येक वर्षं काढणीला जातो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत. हे सगळं हापूसच्या कलमांबद्दल आहे. रायवळ आंब्याला एवढे सोपस्कार लागत नाहीत.

१. निघण्याआधी: फोनवर विचारायच्या चार गोष्टी

“कधी येऊ?” असं विचारलं की मामा “कधीही ये” असंच म्हणणार. म्हणून प्रश्न नेमका विचारा.

पहिला प्रश्न: यंदा बाग घरी आहे की कराराने दिली आहे? अनेक बागायतदार मोहोर पाहून किंवा त्याआधीच फळ व्यापाऱ्याला देऊन टाकतात. तसं असेल तर जमीन मामाची, कलमं मामाची, पण झाडावरचा एकही आंबा मामाचा नाही. तुम्ही चार आंबे तोडले तरी तो हिशेब मामाला द्यावा लागतो आणि मामा ते तुम्हाला कधीच सांगणार नाही.

दुसरा: शेवटची फवारणी कधी झाली? प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते दिलेलं असतं. मामा तो हिशेब पाळतो. पण तुमची मुलं झाडावरची कैरी तोडून तिखटमीठ लावून तिथेच खाणार असतील, तर कुठल्या कलमांना हात लावायचा नाही हे आधीच कळलेलं बरं.

तिसरा: टेम्पो कोणत्या दिवशी, किती वाजता येतो? माल वाशीच्या बाजारात जायचा असेल तर त्या संध्याकाळी घरातला प्रत्येक माणूस पेट्या भरत असतो. त्या संध्याकाळी पोचू नका. पोचायचंच असेल तर जेवून पोचा.

चौथा: पाणी कसं आहे? एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कित्येक विहिरी तळाला जातात. सहा माणसांनी शहरासारखी दोन वेळा आंघोळ केली तर त्याचा भार कुणाच्या तरी कमरेवर पडतो.

किती जण येणार तेही नक्की सांगा आणि नंतर आकडा वाढवू नका. “ऑफिसातले दोघं पण येतायत, त्यांना बाग बघायचीय” हे वाक्य सीझनमध्ये उच्चारू नये.

> तपासा: येण्याचा दिवस, माणसांचा आकडा, मुक्काम आणि परत नेण्याच्या पेट्या हे चारही फोनवरच ठरलं का? पेट्यांचं आधी सांगितलं तर मामा त्या बेताने माल बाजूला ठेवतो. ऐन निघताना सांगितलं तर बाजाराच्या पेटीतून काढून देतो.

२. सामान

जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. आंब्याचा चीक लागलेला सदरा पुन्हा ऑफिसात घालता येत नाही. टोपी, बंद बूट, बॅटरी आणि एक छोटी बाटली खोबरेल तेल. तेलाचं कारण पुढे येईल.

घरच्यांसाठी मिठाईचे डबे नेऊ नका. त्यांच्या उपयोगाची वस्तू विचारून न्या. आमच्या मामीने एका वर्षी चांगल्या छाटणी कात्र्या मागितल्या होत्या, त्या अजून चालू आहेत. वर्तमानपत्रांची रद्दी पेट्यांत घालायला लागतेच, ती गाडीत टाका.

३. पहिला दिवस: हात मागे बांधून बाग बघा

गेल्या गेल्या झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, उचलायचा मोह होतो. पहिल्या दिवशी मामाबरोबर किंवा गड्याबरोबर एक फेरी मारा आणि तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करा.

हद्द कुठे आहे? जांभ्या दगडाचा गडगा दिसतो, पण हद्द दरवेळी गडग्यावरच असते असं नाही. काही कलमं सामायिक असतात, म्हणजे सातबाऱ्यावर चार नावं आणि काढणीच्या पाळ्या ठरलेल्या. अशा एका कलमाचे दहा आंबे मी हौसेने काढले होते. त्यावर झालेली बोलाचाली गणपतीपर्यंत पुरली.

कोणती कलमं आज काढायची, कोणती पुढच्या आठवड्यात? एकाच बागेत, एवढंच काय एकाच झाडावर, दोन-तीन वेळच्या मोहोराची फळं असतात. शेजारी लटकलेल्या दोन आंब्यांत पंधरवड्याचं अंतर असू शकतं.

आणि धोक्याच्या जागा. कठडा नसलेली विहीर, बागेवरून गेलेल्या विजेच्या तारा, दगडांचे ढिगारे. झाडांना लटकवलेले प्लॅस्टिकचे डबे दिसतील. ते फळमाशीचे रक्षक सापळे आहेत. मुलांना त्यांना हात लावू देऊ नका.

> सावधान: रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसं असतं. लहान, मातकट, पाचोळ्यात असलं तर दिसत नाही आणि विषारी असतं. दगडाखाली हात घालू नका, पाचोळ्यात पडलेला आंबा आधी काठीने हलवून मग उचला, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय फिरू नका. चावलंच तर कापू नका, करकचून बांधू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने थेट सरकारी रुग्णालय गाठा.

४. तयार आंबा ओळखणं

पाहुण्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. रंग बघून आंबा काढतात. हापूस झाडावर पिवळा होईपर्यंत थांबत नाहीत. तो हिरवाच, पण सोळापैकी चौदा आणे तयार झाला की काढतात. सोळा आणे झाडावर पिकू दिला तर तो टिकत नाही आणि साका होण्याची, म्हणजे आतला गर बिघडण्याची, भीतीही वाढते. बारा आण्याला काढला तर पिकण्याऐवजी सुरकुततो आणि आंबटच राहतो.

चौदा आणे कसा ओळखायचा? देठाकडे बघा. कोवळ्या आंब्यात देठ वर आलेला आणि खांदे उतरते असतात. तयार आंब्याचे खांदे भरून देठाच्या वर येतात, देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. सालीचा गर्द हिरवा रंग उजळतो, फिका पडतो. नजर बसायला दोन-तीन दिवस जातात.

नजर बसेपर्यंत पाण्याची परीक्षा करा. त्या कलमाचे तुम्हाला तयार वाटणारे दोन-तीन आंबे काढा आणि बादलीभर पाण्यात सोडा. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. माझे पहिल्या वर्षीचे तिन्ही आंबे बादलीत टुमकन वर आले होते आणि मामा काही न बोलता दुसऱ्या कलमाकडे निघून गेला होता.

> तपासा: नमुन्याचे आंबे बुडाले? मग त्याच कलमाचे, त्याच मोहोराचे, तसेच दिसणारे काढा. तरंगले तर ते कलम सोडा. “काढलेच आहेत तर चार अजून” असं करू नका.

५. काढणी

वेळ: सकाळी उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत आणि नंतर उन्हं कलल्यावर. मधल्या वेळात आंबा काढायचा नाही. तापलेलं फळ आतून तापलेलंच राहतं आणि साका होण्यामागे ही उष्णता मोठं कारण असते. साका म्हणजे बाहेरून देखणा आणि कापल्यावर आत पांढरट, दडदडीत, आंबूस भाग. बाहेरून तो ओळखता येत नाही, म्हणून जी काय काळजी घ्यायची ती इथेच.

अवजार: लांब काठी, टोकाला कडं, कड्याला जाळी आणि वर एक पातं. कुणी त्याला झेला म्हणतं, कुणी घळ. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने केलेला ‘नूतन झेला’ बऱ्याच बागांत दिसतो.

त्याची रीत अशी. जाळी फळाच्या खालून वर न्या. फळ आत आलं की कडं आणखी थोडं वर सरकवा, म्हणजे देठ पात्यात बसतो. मग एक छोटा, सरळ झटका. देठ फळापासून बोटभर लांब कापला गेला पाहिजे. जाळीत दोन-तीन आंबे झाले की थांबा. काठी आडवी न पाडता हातावर हात घेत खाली आणा आणि जाळीतला आंबा हाताने उचलून ठेवा. पाहुणे काय करतात? काठी कलती करून आंबे जमिनीवर ओततात. त्या आंब्याला मार लागलेला त्या दिवशी दिसत नाही. आठव्या दिवशी तिथे काळा डाग उमटतो आणि मग “मामाने सडके दिले” म्हणायला आपण मोकळे.

बोटभर देठाचा एवढा आग्रह चिकासाठी आहे. देठ फळाशीच मोडला की चीक पिचकारीसारखा उडतो. सालीवर ओघळला तर ती जळते, काळा पट्टा राहतो आणि फळ बाजारात एक प्रत खाली जातं. देठ चुकून मोडलाच तर तो आंबा देठाची बाजू खाली करून वेगळा ठेवा, म्हणजे चीक सालीला न लागता गळून जाईल. हाच चीक तुमच्या ओठांना, गालाला लागला तर भाजल्यासारखं होतं. कामाआधी हातांना आणि मानेला खोबरेल चोळून घ्या. लागलाच तर लगेच पुसून साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका.

> सावधान: झाडाच्या बरोबर खाली उभे राहून वर बघत काठी चालवू नका. चीक, सुक्या काटक्या आणि पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, सिंधुदुर्गात त्यांना हुमले म्हणतात, हे सगळं थेट तोंडावर येतं. विजेच्या तारेच्या आसपास काठी उभी करायचीच नाही, मग ती बांबूची असो की धातूची. आणि झाडावर चढणं गड्याचं काम आहे. सुकी फांदी कोणती हे त्याला माहीत असतं.

झाडाखाली पडलेले आंबे कधीही काढलेल्या आंब्यांत मिसळू नका. वेगळी टोपली ठेवा. ते लोणच्याला, पन्ह्याला. एक मार लागलेला आंबा पेटीत गेला की शेजारचे चार घेऊन जातो.

६. सावली, निवड आणि पेटी

काढलेला आंबा पहिल्या मिनिटापासून सावलीत. क्रेटच्या तळाशी कागद किंवा पेंढा, त्यावर आंबे, आणि काठाच्या वर एकही नाही, कारण त्यावर दुसरा क्रेट बसणार असतो. भरलेला क्रेट कातळावर उन्हात ठेवून फोटो काढत बसू नका. फोटो पडवीत काढा.

घरी आणल्यावर निवड. इथे मामीचं किंवा घरातल्या जाणत्या बाईचं राज्य असतं. मोठे, मध्यम, बारीक आणि डागी असे ढीग लागतात. तुम्ही एकच काम पक्कं धरा: आंबे पुसणं किंवा पेटीला कागद लावणं. स्वतःच्या अंदाजाने आंबा या ढिगातून त्या ढिगात टाकू नका. त्याच पेटीत चार डझन बसले तर फळ मोठं, सहा डझन बसले तर बारीक, आणि भाव त्यावर ठरतो. पाच डझनीच्या पेटीत एक थर बारीक निघाला तर बाजारात मामाचं नाव जातं.

टेम्पोची वेळ जवळ आली की गप्पा बंद. त्या तासाभरात सगळ्यात उपयोगी पाहुणा तो, जो लहान मुलांना घेऊन समोरच्या घरी जातो.

७. दुपारचं परसू

अकरा ते चार बाग बंद असते, तेव्हा लोक परसात शिरतात. काजूची बी दाताने फोडायची नाही. टरफलातल्या तेलाने ओठ आणि जीभ भाजतात. माझ्या धाकट्या भावाने सातव्या वर्षी हा प्रयोग केला आणि दोन दिवस पेजेवर काढले. काढायचीच असेल तर बोंडू पिळून बी वेगळी करा आणि ती घरच्यांच्या ताब्यात द्या. बी मोजून विकली जाते, ती खिशात घालून नेण्याची वस्तू नाही.

फणस कापताना सुरीला आणि हातांना तेल लावा, नाहीतर चीक संध्याकाळपर्यंत सुटत नाही. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पूर्ण लाल झालेलीच घ्या. मामी आमसुलं घालायला बसली असेल तर शेजारी बसून फोडून द्या. बाकी नारळाच्या झाडाखाली खाट टाकून झोपू नये, एवढं सांगून हा विषय संपवतो.

८. पैशाची गोष्ट

ही अवघड पायरी लोक टाळतात. दोन-चार डझन आंबे घरचे म्हणून मिळाले तर घ्या. पण शेजाऱ्यांसाठी, साहेबांसाठी, सोसायटीसाठी पेट्या हव्या असतील तर तो व्यवहार आहे. मामा “अरे, तुझ्याकडून काय घ्यायचे” म्हणणारच. तेव्हा ओटीवर सगळ्यांसमोर पाकीट काढून ओढाताण करू नका. फोनवर पेट्या सांगतानाच “बाहेरच्यांच्या पेट्यांचे बाजारभावाने पाठवतो” असं म्हणून ठेवा आणि निघण्याआधी ते पैसे मामीच्या हातात द्या किंवा खात्यावर टाका. भावात घासाघीस नको. खतं, फवारण्या, राखणदाराचा पगार, वानरांनी केलेली नासाडी हे सगळं त्या पेटीत असतं.

९. परतीचा प्रवास

मामाने जपून दिलेला आंबा बिघडतो तो इथे. पेट्या डिकीत टाकून, वाटेत देवदर्शनाला थांबून, गाडी उन्हात दोन तास बंद ठेवली की आतले आंबे उकडतात. संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे निघा. पेट्यांवर बॅगा रचू नका. वाटेत थांबलात तर गाडी सावलीत, काचा थोड्या खाली.

> तपासा: पेटीवर तारीख आणि कुठल्या कलमाचे आंबे ते खडूने लिहिलंय का? नसेल तर मामाला विचारून लिहून घ्या. शेवटच्या पायरीला ते लागेल.

१०. घरी अढी लावणं

पोचल्या दिवशीच पेट्या उघडा. बंद पेटीत ऊब कोंडते आणि एक आंबा गेला तरी कळत नाही. थंड, हवेशीर खोली बघा. फरशीवर भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंबे एकमेकांना न रेटता, वर पुन्हा पेंढा. दोन थर पुष्कळ झाले. पेंढा नसेल तर मामाकडच्या उडवीतून निघतानाच पोतंभर मागून घ्या, शहरात तो शोधत फिरावं लागतं.

चौथ्या दिवसापासून रोज एकदा अढी उघडा आणि पिकलेले वेचा. आठ-दहा दिवसांत बहुतेक आंबे होतात. अंगठ्याने दाबून बघायचं नाही, तिथेच तो नासतो. तळहातावर घ्या, वास घ्या. देठापाशी घमघमाट आला आणि फळ हाताला किंचित नरम लागलं की झालं. साल थोडी सुरकुतली म्हणून टाकू नका.

कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. थंडीने त्याची पिकण्याची क्रिया बिघडते आणि नंतर बाहेर काढला तरी चव येत नाही. पिकल्यावर ठेवा, तेही एक-दोन दिवसच. लवकर पिकावा म्हणून कुणी कार्बाइडची पुडी सुचवली तर ऐकू नका. फळं पिकवायला ते वापरण्यावर कायद्याने बंदी आहे आणि साल पिवळी झाली तरी आत आंबा कच्चाच राहतो. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवा.

११. मामाला फोन

“आंबे फार गोड होते” एवढंच सांगून फोन ठेवू नका. किती आंब्यांत साका निघाला, देठाकडून किती काळे पडले आणि ते कुठल्या कलमाचे, हे पेटीवरचं खडूने लिहिलेलं वाचून सांगा. बाजारात गेलेल्या मालाबद्दल इतकं नेमकं मामाला कुणीच कळवत नाही. दोन वर्षांपूर्वी विहिरीजवळच्या कलमाच्या पेटीत अकरा आंब्यांत साका आहे असं मी सांगितलं. मामा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “त्या दिवशी दुपारी काढलेले ते. तूच होतास काठीवर.”

आणि आंबे क्रेटमधून आणले असतील तर रिकामे क्रेट. ते भाड्याचे किंवा मोजके असतात आणि पुढच्या काढणीला लागतात. पाऊस लागायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आधी, गावाकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी धुऊन पाठवून द्या.